तापलेल्या तेलाचा हिशेब

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हटलं की मुंबई-पुण्याच्या गर्दीत क्लच न दाबता सरकणारी गाडी आठवते. मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या जानेफळसारख्या गावात मात्र या यंत्रणेतल्या मुख्य भागाची ओळख झाली ती बहुधा जेसीबीमुळे. राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं, २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने बुलढाणा जिल्ह्यात गाळ उपसायला शंभरावर यंत्रं उतरवली. शेततळी खोदली गेली, नाले खोल झाले. या सगळ्या कामात दिवसभर पुढे-मागे करणाऱ्या पिवळ्या यंत्राच्या पोटात, इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये, टॉर्क कन्व्हर्टर बसवलेला असतो. फॉर्च्युनर किंवा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकमध्ये असतो तोच, आकाराने आणि ताकदीने वेगळा.

आता दुसऱ्या हाताने विकल्या जाणाऱ्या ऑटोमॅटिक डिझेल गाड्याही गावात येऊ लागल्या आहेत. महिंद्राने २००८ मध्ये सहा गिअरची ऑटोमॅटिक स्कॉर्पिओ आणली, २०१५ मध्ये एक्सयूव्ही ५०० ला ऑटोमॅटिक मिळाला, २०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टा आली. शहरात दहा वर्षं फिरलेल्या अशा गाड्या घाटाखालून घाटावर, मे महिन्याच्या उन्हात, सात-आठ माणसं घेऊन चढू लागल्या की एक तक्रार ठरलेली असते: गरम झाली की ओढत नाही, रेस वाढते पण गाडी पुढे जात नाही. गॅरेजमधलं उत्तरही बऱ्याचदा ठरलेलं असतं: गिअरबॉक्स उघडावा लागेल.

उघडण्याआधी करायचं बरंच काही असतं. गिअरबॉक्स तापतो म्हणजे दोहोंपैकी एक गोष्ट घडत असते. उष्णता नेहमीपेक्षा जास्त तयार होत असते, किंवा तयार झालेली बाहेर जात नसते. यांतली कोणती, हे ठरल्याशिवाय पान्याला हात लावणं म्हणजे अंदाजाने खर्च करणं.

उष्णता येते कुठून

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि त्यांतला एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतो. हवेच्या जागी तेल असतं आणि सगळं एका बंद डब्यात घडतं. इंजिनला जोडलेलं पंपाचं चाक तेल भिरकावतं, त्या तेलाने समोरचं टर्बाइनचं चाक फिरतं. दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक असतं. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं आणि त्यामुळे गाडी सुटताना इंजिनचा रेटा साधारण दुप्पट होऊन चाकांकडे जातो. जर्मन अभियंते हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे. जहाजातलं वेगाने फिरणारं टर्बाइन आणि सावकाश फिरणारा पंखा यांची सांगड घालायची होती. मोटारीत तो रुळला १९४८ च्या ब्युइक डायनाफ्लोपासून.

या रचनेत लोखंड लोखंडाला भिडत नाही, म्हणून गाडी धक्क्याविना सुटते. त्याची किंमतही तिथेच मोजावी लागते. टर्बाइनचं चाक पंपाच्या चाकापेक्षा थोडं मागे राहतं. या मागे राहण्याला मेकॅनिक ‘स्लिप’ म्हणतात. स्लिपमध्ये गेलेली शक्ती नाहीशी होत नाही. ती तेलात उष्णता बनून उतरते.

किती उष्णता? एक सोपा हिशेब करू. घाट चढताना इंजिन ६० किलोवॉट शक्ती देतंय आणि कन्व्हर्टर त्यातली ८५ टक्के पुढे पाठवतोय असं धरा. उरलेले ९ किलोवॉट सरळ तेलात गेले. आता जेसीबीचं पुढचं बकेट मुरमात घुसलंय, चाकं जागची हलत नाहीत आणि ऑपरेटरने रेस पूर्ण दिली आहे. टर्बाइन थांबलेलं आहे, म्हणून पुढे जाणारी शक्ती शून्य. इंजिन देईल ते सगळं तेलात. ४० किलोवॉट धरले आणि यंत्रणेत १५ लिटर तेल धरलं, तर तेल सेकंदाला सुमारे दीड अंशाने तापतं. वीस सेकंदांत तीस अंश. प्रत्यक्षात काही उष्णता धातू शोषतो, काही कूलर काढून घेतो. तरी आकड्याचा अर्थ बदलत नाही. काळ्या मातीत रुतलेली ऑटोमॅटिक जीप ‘डी’मध्ये ठेवून रेस देत राहणं हे याच जातीचं काम आहे.

या नुकसानावर उपाय म्हणून लॉक-अप क्लच आला. पॅकार्डने १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिकमध्ये तो वापरला. गाडी एका लयीत धावू लागली की हा क्लच पंप आणि टर्बाइन यांना घट्ट जोडतो आणि स्लिप जवळजवळ संपते. जुन्या चार-पाच गिअरच्या डब्यांत, म्हणजे गिअरबॉक्सांत, लॉक-अप बहुधा वरच्या गिअरमध्येच लागतो. म्हणून जुनी गाडी सपाटीवर थंड आणि घाटात गरम राहते. डिझेल इंजिनाचा रेटा कमी आरपीएमलाच जोरात मिळतो. तो भार लॉक-अप लागण्याआधीच्या काळात कन्व्हर्टरवर आणि आतल्या क्लच प्लेटांवर येतो. इंजिनची ताकद वाढवायला वरून चिप बसवली असेल, तर डब्याला मूळ मापापेक्षा जास्त रेटा सोसावा लागतो, हेही लक्षात ठेवावं.

उष्णता जाते कुठे

कन्व्हर्टरमधून निघालेलं गरम तेल एका पाइपाने कूलरकडे जातं. बहुतेक गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. तेलाभोवती इंजिनचं पाणी फिरतं. काहींत पुढच्या जाळीमागे हवेवर चालणारा वेगळा कूलर असतो, काहींत दोन्ही. थंड झालेलं तेल परत येऊन आतल्या बेअरिंगांना आणि गिअरांना वंगण देतं. म्हणजे इंजिनचं पाणी तापलेलं असेल तर गिअरबॉक्सचं तेल थंड होणारच नाही, आणि गिअरबॉक्स तापला तर तो आपली उष्णता इंजिनच्या पाण्यात ओतत राहील. ‘इंजिन गरम होतं’ आणि ‘गिअरबॉक्स गरम होतो’ या अनेकदा एकाच दोषाच्या दोन तक्रारी असतात.

साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस ही या तेलाची नेहमीची राहणी. गॅरेजांत एक ढोबळ नियम चालतो: त्याच्या वर तापमान दहा-अकरा अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. १२० च्या पुढे तेलाचा चिकट थर व्हॉल्व्हांवर बसू लागतो. आणखी वर रबरी सील कडक होतात, मग दाब गळतो, दाब गळला की क्लच प्लेटा घसरतात, आणि घसरलेल्या प्लेटा तेल अधिकच तापवतात. दोष एकदा या फेऱ्यात सापडला की आपला आपण वाढत जातो.

आधी डबा ओळखा

क्लचचं पेडल नसलं म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर असतोच असं नाही. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी आला. त्यात साधाच गिअरबॉक्स आणि साधाच कोरडा क्लच असतो. दाबण्याचं काम फक्त यंत्र करतं. तिथे घाटात जळतो तो क्लच, तेल नव्हे. खालचं विवेचन कन्व्हर्टर असलेल्या डब्यांसाठी आहे. ओळख पटवायला गाडीचं माहितीपुस्तक पाहावं, आणि त्याच पानावर डब्यात कोणतं तेल चालतं तेही पाहावं. ऑटोमॅटिक डब्यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल ओतणं ही सगळ्यांत महागडी स्वस्ताई. या डब्यात तेल वंगण तर देतंच, शिवाय शक्ती वाहून नेतं, क्लच दाबतं आणि थंडावाही देतं. चारही कामं दाट तेलाकडून होत नाहीत.

तपासणीचा क्रम

फुकटच्या तपासण्या आधी, महागड्या शेवटी.

*खरंच तापतोय का?* डॅशबोर्डवरचा काटा इंजिनच्या पाण्याचा असतो. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान पाहायला स्कॅनर लावावा लागतो. बऱ्याच डब्यांत त्यासाठी सेन्सर असतो. स्कॅनर नसेल तर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घ्यावी. गाडी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वजनाने चालवून आणावी आणि तेलाच्या तळपात्रावर, मग कूलरकडे जाणाऱ्या आणि कूलरहून येणाऱ्या पाइपांवर गन धरावी. दोन्ही पाइप जवळजवळ सारखेच गरम असतील तर तेल फिरतंय, पण कूलर काम करत नाही. डबा तापलाय आणि येणारा पाइप मात्र गार पडलाय, तर तेल फिरतच नाही: कूलर आतून तुंबलाय, पाइप दबलाय किंवा वाटेतला व्हॉल्व्ह अडकलाय. दोन पाइपांमध्ये चांगला फरक असेल आणि तरीही डबा तापत असेल, तर थंड करणारी बाजू ठीक आहे. उष्णताच जास्त तयार होते आहे. पाच मिनिटांच्या या मोजणीने निम्म्या शंका बाजूला पडतात.

*तेलाची पातळी.* बहुतेक डब्यांत ती तेल गरम असताना, गाडी सपाटीवर, इंजिन चालू आणि ‘पी’मध्ये पाहायची असते, काहींची पद्धत वेगळी असते, म्हणून माहितीपुस्तक प्रमाण. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळतात आणि फेस होतो. फेसात हवा असते, हवेला दाब धरता येत नाही, प्लेटा घसरतात. म्हणून ‘थोडं जास्तच टाका’ ही सवय इथे घातक ठरते.

*तेलाचं रूप.* पांढऱ्या कागदावर थेंब घ्यावा. स्वच्छ, लालसर असेल तर ठीक. तपकिरी आणि जळका वास असेल तर ते कधीतरी नक्की तापलेलं आहे. काळं, कणीदार असेल तर क्लच प्लेटांचं अस्तर झिजलं आहे. गुलाबी आणि दुधाळ असेल तर तेलात पाणी शिरलंय: रेडिएटरमधला कूलर फुटलाय किंवा पुराच्या पाण्यातून गाडी काढताना ब्रीदरच्या नळीतून पाणी आत गेलंय. अशा गाडीला एक किलोमीटरही चालवू नये. क्लच प्लेटांचं अस्तर पाण्याने सुटतं.

*हवेची वाट.* बुलढाणा हा सोयाबीन आणि कपाशीचा जिल्हा. ऑक्टोबरमध्ये मळणीचा हडंबा चालू असतो त्या शेताच्या बांधावर उभ्या राहिलेल्या यंत्राची जाळी कुटाराने भरते. त्यावर धूळ, धुळीवर गळक्या तेलाचा ओलावा, आणि फटी बंद. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो कारण कचरा दोन जाळ्यांच्या मध्ये, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या बेचक्यात अडकलेला असतो. मागच्या बाजूने, म्हणजे पंख्याकडून बाहेरच्या दिशेने, बेताच्या दाबाची हवा मारावी. सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार पाण्याचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते. सोबत पंख्याचा पट्टा आणि व्हिस्कस पंखा पाहावा. इंजिन गरम असतानाही पंखा नुसता सैल फिरत असेल तर घाटात हवा कुठून येणार?

*पाण्याची वाट.* घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव भागातलं भूजल खारट. घाटावरचं बोअरचं पाणीही बरंच जड. हेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षारांचा थर बसतो आणि पाण्याकडून पत्र्याकडे उष्णता जाणं मंदावतं. माहितीपुस्तकात सांगितलेलं कूलंट, आणि मिसळायचं असेल तर बॅटरीचं पाणी, एवढाच नियम पाळला तरी अर्धं काम होतं.

*अडकलेले ब्रेक.* पाच-दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या मध्यावर गन धरावी. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. अशी गाडी सतत न दिसणारा चढ चढत असते आणि भुर्दंड पडतो गिअरबॉक्सला.

*लॉक-अप लागतो का?* सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ७०-८० च्या स्थिर वेगाने जाताना आरपीएमवर नजर ठेवावी. मागे वाहन नाही याची खात्री करून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून, डाव्या पायाने ब्रेकचं पेडल अगदी हलकं, दिवा लागण्यापुरतं स्पर्शावं. लॉक-अप लागलेला असेल तर तो सुटतो आणि आरपीएम दोनेकशे वर जातं. पाय काढला की पुन्हा खाली येतं. काहीच फरक पडला नाही तर लॉक-अप लागलेलाच नव्हता. त्याचं कारण कधी आतला सोलेनॉइड असतो, तर कधी ब्रेकलाइटचा साधा स्विच. तो बिघडला की संगणकाला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे, आणि लॉक-अप कधी लावलाच जात नाही. समृद्धी महामार्गावर मेहकरहून चढून तासनतास एका वेगाने जाणाऱ्या गाडीचं तेल तापत असेल, तर संशय प्रथम इथे घ्यावा. मागचे ब्रेकलाइट नीट लागतात-विझतात का, हे पाहायला एक माणूस मागे उभा करणं पुरेसं.

*स्टेटरचा एकेरी क्लच.* हा अडकून बसला तर गाडी सुटताना जोरात सुटते, पण वेग धरत नाही आणि वेगात असताना इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही तापतात. तो निकामी होऊन दोन्हीकडे फिरू लागला तर उलट: सुटताना मेलेली, वेगात ठीक. ही तपासणी करताना ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची पद्धत आहे. ती पाच सेकंदांपेक्षा जास्त कधीच करू नये आणि शक्यतो माहितगार माणसाकडूनच करून घ्यावी. कारण वर पाहिलंच आहे.

*शेवटी दाब.* गिअर बदलताना रेस क्षणभर मोकळी सुटत असेल, तर क्लच प्लेटा घसरताहेत. तेलाचा दाब गेज लावून मोजता येतो. जाळी तुंबली, पंप झिजला, सोलेनॉइड चिकटला, सील कडक झाले, यांपैकी काही असेल तर डबा उघडण्याची वेळ खरोखर आलेली असते.

जेसीबीचं वेगळं काय

जेसीबीत गिअर ऑपरेटरच टाकतो; पुढे-मागे करणारा शटल मात्र तेलाच्या दाबाने क्लच बदलतो आणि त्याआधी कन्व्हर्टर असतो. म्हणून इथे बिघाडाइतकीच सवयही तपासावी लागते.

मुरमात बकेट घुसवताना पहिला गिअर हवा. दुसऱ्यात टाकून रेटत राहिलं की चाकं थांबतात आणि तेल उकळायला लागतं. लिव्हरवर ट्रान्समिशन तोडणारं डंप बटण असतं. बकेट भरलं की ते दाबून इंजिनची सगळी ताकद हायड्रॉलिककडे द्यायची, उचलायचं, मग पुन्हा जोडायचं. अनेक ऑपरेटर ते दाबत नाहीत. बकेट उचललं जात असताना ब्रेकवर पाय आणि शटल पुढेच. मागच्या बाजूने खोदताना शटल न्यूट्रलमध्ये हवा. पार्किंग ब्रेक लावलेला असताना यंत्र ओढणं, चढावर लांबपर्यंत रिव्हर्स चढवणं, कामावरून गावाकडे येताना खालच्या गिअरमध्येच पळवणं, हे सगळं तेलाच्या खाती जमा होतं. काम तासावर असतं, म्हणून तेल तापल्याचा दिवा लागला तरी ‘हा खड्डा होऊ द्या’ म्हटलं जातं. मालकाच्या दृष्टीने तो तास सगळ्यांत महाग पडू शकतो.

दिवा लागला तर

सावलीत, सपाटीवर उभं करावं. न्यूट्रल किंवा ‘पी’, हँडब्रेक, आणि इंजिन लगेच बंद करू नये. इंजिन चालू असेल तरच तेलाचा पंप फिरतो, पंप फिरला तरच तेल कूलरपर्यंत जातं. हजार-बाराशे आरपीएमवर काही मिनिटं चालू ठेवलं की तेल उतरू लागतं. अपवाद दोन: तेल भळाभळा गळत असेल किंवा इंजिनच्या पाण्याचा काटाही लालमध्ये असेल, तर बंदच करावं. रेडिएटरवर गार पाणी ओतू नये. घाटात उतरताना थंड व्हावा म्हणून न्यूट्रल टाकणं तर अजिबात नाही. इंजिनचा आवर सुटतो आणि ब्रेक एकटे पडतात. चढताना मात्र ‘डी’च्या भरवशावर न राहता स्वतः खालचा गिअर धरावा. आरपीएम वाढतं, स्लिप कमी होते, पंप जास्त तेल फिरवतो.

तेल बदलताना

एकदा बूच काढून तेल सोडलं की डब्यातलं सगळं तेल निघत नाही. कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये बरंच उरतं. म्हणून काही दिवस गाडी चालवून दोन-तीनदा सोडून भरणं चांगलं. लाख-दीड लाख किलोमीटर तेल न बदललेल्या डब्यात मशीन लावून जोराने फ्लश केल्यास सुटलेला गाळ बारीक व्हॉल्व्हांत जाऊन अडकण्याची भीती असते. जाळी आणि तळपात्रातलं चुंबक साफ करताना चुंबकावर काय आहे ते पाहावं. राखेसारखी बारीक भुकटी वयाची खूण आहे. हाताला टोचणारे तुकडे आतल्या मोडतोडीची. कूलर आधी आतून तुंबला असेल, तर दुरुस्त डबा बसवण्यापूर्वी तो बदलावा किंवा पूर्ण साफ करावा. जुन्या डब्याची घाण नव्या डब्यात जाणं हे दुरुस्तीनंतर महिन्याभरात तीच तक्रार परत येण्याचं मोठं कारण असतं.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: घाटात तापतो, सपाटीवर तापतो की उभ्याने, त्या वेळी आरपीएम किती होतं, आणि कूलरच्या दोन पाइपांचं तापमान किती निघालं. घाटातच तापणारी गाडी, सपाटीवर तापणारी गाडी आणि उभ्याने तापणारी गाडी यांची कारणं वेगळी असतात. मेकॅनिक तरीही ‘उघडून बघू’ म्हणेल आणि कदाचित त्याचं बरोबरही असेल. पण तेव्हा आत नेमकं काय शोधायचं आहे हे त्याला माहीत असेल, आणि बिलात काय असायला हवं हे तुम्हाला.